या वयात मला कोण खेळायला घेणार?

मुलांच्या क्लाससाठी गाव सोडून लातूरला खोली करून राहणाऱ्या माता माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात आणि बहुतेकींचे बोलणे मुलाच्या अभ्यासापासून सुरू होते. हिंगोली जिल्ह्यातून आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या एका ताईंचेही तसेच झाले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पती गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, धाकटी मुलगी आजीपाशी, आणि त्या स्वतः ट्यूशन एरियातील दोन खोल्यांत, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलासोबत. मुलगा क्लासला गेला की दिवसभर बोलायला माणूस नाही आणि तो परतला की सराव परीक्षेत किती गुण पडले, एवढाच विषय. झोप उडाली होती, छातीत धडधडत होते. डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासले होते; दोष कशातच निघाला नाही. ‘आई सारखी माझ्याकडेच बघत बसते,’ ही मुलाची तक्रार त्यांनी स्वतःच मला रडत रडत सांगितली.

गावी ज्यांना दिवसभर कोणी ना कोणी हाक मारत असे, त्यांना इथे नावाने हाक मारणारे कोणीच उरले नव्हते, आणि ती सगळी पोकळी मुलाच्या गुणांनी भरण्याचा प्रयत्न चालला होता, असे माझे मत झाले. संध्याकाळी त्या चालायला जात असत, पण एकट्याने चालताना डोक्यातले विचारही सोबतच चालतात. शाळेत असताना त्या खो-खो खेळत, हे बोलता बोलता समजले, तेव्हा मी त्यांना जवळच्या बॅडमिंटन क्लबमध्ये चौकशी करायला सुचवले.

त्यावर त्यांनी जे विचारले, ते जवळजवळ प्रत्येक जण विचारतो : “मॅडम, या वयात मला कोण खेळायला घेणार? आणि लोक काय म्हणतील?”

मी त्यांना दुहेरी खेळाची गोष्ट सांगितली. दुहेरीला चार माणसे लागतात, आणि तीन जण जमले असतील तर चौथ्याचा खेळ कसा आहे यापेक्षा तो आला आहे की नाही, याला अधिक मोल असते. सकाळी ग्रुपवर ‘तिघी आहोत, कोण येतंय?’ असा निरोप पडतो. दोन दिवस न दिसल्यास चौकशी होते. एकाकी माणसाला नेमके हेच हवे असते, आणि तेही स्वतःची दुःखे सांगत न बसता मिळते. शिवाय शटलचे वजन जेमतेम 5 ग्रॅम, त्याची दिशा क्षणात बदलते, त्यामुळे नजर आणि मन त्यावरच ठेवावे लागते. काळजीला तेवढा वेळ शिरकाव मिळत नाही.

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे सुमारे 8,500 लोकांची जवळपास 25 वर्षे नोंद ठेवून केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे 6.2 वर्षांनी, टेनिस खेळणाऱ्यांचे 9.7 वर्षांनी, तर जॉगिंग करणाऱ्यांचे 3.2 वर्षांनी अधिक आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण खेळायला जाणारे मुळातच अधिक निरोगी किंवा सुस्थितीतले असू शकतात. परंतु माणसांच्या सहवासाचा यात वाटा असावा, हे संशोधकांचे अनुमान मला माझ्या कामातून पटते.

पहिले काही दिवस ताई क्लबमध्ये नुसत्या बाकावर बसून पाहत होत्या आणि तसेच करायला मीच सांगितले होते. सकाळच्या बॅचमध्ये बऱ्याच बायका असल्याचे त्यांनी पाहिले, पंजाबी ड्रेसवर खेळणाऱ्याही दिसल्या, आणि अर्धा संकोच तिथेच गेला. रॅकेट कोणीतरी वापरायला दिली. सुरुवातीला पिसांच्या शटलऐवजी नायलॉनचे घेतले, ते जास्त टिकते. बूट मात्र चांगल्या पकडीचे घ्यायला लावले, कारण चाळिशीनंतर गुडघा आणि घोट्याची दुखापत लवकर बरी होत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे हॉल तापतो आणि वाऱ्याने शटल हलते म्हणून पंखेही बंद ठेवतात, तेव्हा पहाटेचीच वेळ धरावी आणि पाणी सोबत न्यावे.

काही आठवड्यांत झोप सुधारली. मुलाचे गुण वाढले की नाही, हे मी विचारले नाही. त्या मात्र आता खेळातली हकिकत त्याला सांगतात आणि तोही ‘आज जिंकलीस का?’ असे विचारतो.

ही वाट सर्वांना पुरेशी नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, भूक गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करावा. हृदयविकार किंवा रक्तदाब असल्यास खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. खाजगी क्लबचे शुल्क परवडत नसेल, तर आपल्या जिल्हा क्रीडा संकुलात बॅडमिंटन हॉल आहे का, महिलांसाठी वेगळी वेळ आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे, आणि पहिल्या दिवशी शक्यतो शेजारणीला सोबत न्यावे.