टोपली सोडवायला कोण जातं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.चं शेवटचं सत्र, विषय 'ठाणे शहरातील फेरीवाला नियमन आणि सामाजिक न्याय', हातात तीन महिने, दोनशे जणांकडून गूगल फॉर्म भरून घ्यायचा बेत, आणि मार्गदर्शक सर म्हणतायत विषय फार पसरट आहे. सरांचं बरोबर आहे. (तुला 'तू' म्हणतेय, चालेल ना? माझी भाची तुझ्याएवढीच आहे.)

आधी तो फॉर्म बाजूला ठेव. जांभळी नाक्यावर संध्याकाळी सहाला भाजी विकणाऱ्या बाईला लिंक पाठवलीस तर फार तर तिचा मुलगा भरेल, तोही 'त्रास होतो का?'पुढे 'हो'वर खूण करून मोकळा होईल. दोनशे जणांना त्रास होतो हे कळायला प्रबंध कशाला हवा?

विषय इतका लहान कर की सांगताना लाज वाटली पाहिजे. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा १ मे २०१४ पासून लागू आहे. विद्यार्थी बहुधा त्यातलं सर्वेक्षण नाहीतर नगर पथविक्रेता समिती उचलतात: समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडून दिलेले, त्यात एक तृतीयांश बायका, वगैरे. महत्त्वाचं आहे, पण त्यावर ढीगभर लिहून झालंय. मी तुझ्या जागी असते तर कलम १९ घेतलं असतं. जप्तीचं.

हे कलम म्हणतं की माल उचलला तर त्याची यादी फेरीवाल्याला द्यायची. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा मागणीपासून कामकाजाच्या दोन दिवसांत. वाचायला छान आहे. आता 'मागणी' या शब्दावर बोट ठेव आणि पुढचं वाच.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही या पट्ट्यातल्या एका शहरात फिरत होतो (नाव देत नाही, का ते खाली येईल). एका मावशींची मेथी गेली होती. पंचवीस-तीस जुड्या, टोपलीसकट. म्हटलं, सोडवायला नाही गेलात? त्या हसल्याच. "जायचं-यायचं भाडं, तिथं दंड, अर्धा दिवस धंदा बुडला. आणि मेथी काय माझी वाट बघत हिरवी राहणार हाय?" दुसऱ्या दिवशी उधारीवर नवी टोपली. त्याच रस्त्यावरच्या फळवाल्याची हातगाडी गेली ती मात्र दोन दिवसांत परत आली. गाडी, वजनकाटा, सफरचंदाच्या पेट्या, एवढा ऐवज सोडून कोण देईल? दंड भरूनही त्याला परवडत होतं.

मावशींनी मागणीच केली नाही, म्हणून मुदतीचं घड्याळ सुरूच झालं नाही. कागदावर कायदा कुठेच मोडला नाही. दंड दोघांना सारखा होता, फक्त टोपलीला तो आतल्या मालापेक्षा जड होता. तुझ्या शीर्षकातला 'सामाजिक न्याय' मला इथे दिसतो. तेव्हा प्रश्न एवढाच ठेव: जप्त माल सोडवायला कोण जातं, कोण जात नाही, आणि का?

जागेबद्दल. स्टेशन परिसर सगळ्यांना मोहात पाडतो, पण पहिल्या अभ्यासाला तो नको. रेल्वेच्या जमिनीला हा कायदा लागूच नाही, त्यामुळे सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाखाली, टोपली नेमकी कोणाच्या हद्दीत आहे यावर सगळं ठरतं. त्यात एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर, १ नोव्हेंबर २०१७ ला, उच्च न्यायालयाने मुंबईच्या फेरीवाल्यांसंबंधीच्या निकालात स्टेशनपासून १५० मीटरपर्यंत विक्रीला मनाई केली. तिथे बसलेल्या बाईच्या बाबतीत कुठला नियम कुठे लागला हे सोडवताना तुझे तीन महिने जातील. वर्तकनगर, लोकमान्यनगर अशा आतल्या भागातला एक रस्ता घे. एकच.

वीस माणसं पुरतील, पण प्रत्येकाकडे तीनदा जा. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बोलतात. एक-दोन दिवस पहाटेही जा. आसनगाव-वासिंदकडून लोकलने भाजी घेऊन येणाऱ्या बायका दहाच्या आत आवरून परतीच्या गाडीत असतात. दुपारीच गेलीस तर तुझ्या प्रबंधात त्या नसतीलच, आणि दुपारच्या पाहणीत त्या कोणाच्याच कागदावर येत नाहीत, हाही एक मुद्दा आहे.

माझी फजिती सांगते. पहिल्या दिवशी मी क्लिपपॅड घेऊन, गळ्यात कॉलेजचं आयकार्ड लटकवून गेले. पाच मिनिटांत अर्धी गल्ली उठली. 'सर्वेवाली आली.' पुढे दोन आठवडे कोणी धड बोललं नाही. तू रिकाम्या हाताने जा, पाव किलो काहीतरी घे, घासाघीस करू नकोस. 'शेवटचा माल कधी गेला? काय काय होतं त्यात? मग काय केलंत?' या तीन प्रश्नांवर तास निघतो. हप्त्याचं आपणहून विचारू नकोस. कोणी सांगितलंच तर कुठल्या रस्त्यावर ते लिहू नकोस.

आणि फक्त नाव बदलून भागत नाही. मी अहवालात 'मंदिरासमोरची लिंबूवाली' असं लिहिलं होतं. नाव लपवलं या समाधानात होते. त्या मंदिरासमोर लिंबं विकणारी बाई एकच होती. ती नंतर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हापासून मी शहराचंही नाव सांगत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. 'कारवाई का केली', 'धोरण योग्य आहे का' असलं विचारायचं नाही, ती माहिती नव्हे म्हणून परत येईल. अमुक प्रभाग समितीत अमुक तारखांदरम्यान जप्त केलेल्या आणि परत दिलेल्या मालाच्या नोंदवह्यांच्या प्रती माग. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, त्याच्या निर्णयाला आणखी ३० ते ४५ दिवस. म्हणजे तुझे तीन महिने संपले. म्हणून काय मागितलं, कधी मागितलं, काय मिळालं, हे जसंच्या तसं प्रबंधात छाप.

उचलणाऱ्यांशीही बोल. ट्रकवर टोपल्या चढवणारा पोरगा कंत्राटी असेल तर त्याचा पगार विचार. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कासारवडवलीत कारवाईला गेलेल्या महिला सहायक आयुक्तांवर एका फेरीवाल्याने चाकूहल्ला केला, त्यांची बोटं तुटली. पथकातल्या माणसाला रस्त्यावर भीती वाटते का, हे विचारल्याशिवाय तुझा अभ्यास एका बाजूला कलेल. चालणाऱ्यांचंही ऐक. सासूबाईंची व्हीलचेअर गोखले रोडवर फुटपाथ सोडून रस्त्यावरून ढकलताना मी फेरीवाल्यांच्या नावाने बोटं मोडलेली आहेत, आणि येताना त्यांच्याकडूनच शेवग्याच्या शेंगा घेतल्या आहेत.

अर्जाचा मसुदा झाला की इथे टाक, १५० शब्दांत बसतोय का बघते.