हेतू शोधायचा तर वही घ्या

प्रश्न : वय ३६. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत प्रयोगशाळेत आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. घर, मुलगा, सासू-सासरे, सगळं ठीक. तरी हे सगळं कशासाठी, असं सारखं वाटतं. जगण्याचा हेतू शोधायला सुरुवात कुठून करू?
एक वाचक, फोंडा

उत्तर : नुसता विचार करत बसू नका. तसं बसलं की इतरांच्या तोंडची उत्तरं सुचतात. तुमचं उत्तर तुम्ही घालवलेल्या तासांत आहे, म्हणून आधी तास लिहून काढा.

साधी वही, १४ दिवस. म्हणजे दोन वेगळ्या शिफ्ट त्यात येतील. दर दोन-तीन तासांनी एक ओळ : काय केलं, कोणासाठी, आणि ० ते १० मधले दोन गुण. एक मजेचा, दुसरा ‘हे केल्याचं समाधान वाटलं’ याचा. मोबाइलवर रील्स पाहण्याला मजेचे ७ आणि समाधानाचा १ पडू शकतो. शेजारच्या मुलीला दहावीचं गणित समजावताना मजा ३, समाधान ९ असंही होतं. एकच आकडा लिहिलात तर हा फरक बुडतो. रात्री एकदम लिहू नका. दमलेल्या मनाला अख्खा दिवस फुकट गेलेला दिसतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांतही सुरू करू नका, गणपतीवर फळं-पानं बांधायच्या माटोळीच्या आणि पाहुण्यांच्या गडबडीत तुमचा नेहमीचा आठवडा दिसणारच नाही.

मग समाधानाचे ७ च्या वरचे गुण असलेल्या ओळी वेगळ्या काढा. तिथे तुम्ही नेमकं काय करत होता? शिकवत होता, बिघडलेलं सुधारत होता, कुणाला सोबत करत होता? तेच तीन-चारदा आलं तर धागा मिळाला. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना शिकवतानाच तो मिळाला, तर नोकरी सोडायचा विचारही नको.

आता ६ आठवडे, रविवारी २ तास, त्याच धाग्याचं एक काम : गावच्या वाचनालयात मुलांना वाचून दाखवणं, भजनी मंडळ, जत्रेच्या नाटकाची तालीम. बहुतेकांचं फसतं ते इथे. उत्साहात समितीचं खजिनदारपद घेतात, हिशेब घरी येतात, आणि महिन्याभरात सगळंच सुटतं. ६ आठवडे कुठलंही पद घेऊ नका. पहिल्या दोन खेपांना अवघडल्यासारखं होणारच, ते गुण धरू नका. शेवटच्या दोन खेपांनाही समाधान ५ च्या खाली असेल तर काम बदला, धागा तोच ठेवा.

वहीत जवळजवळ सगळीकडे ०, १ दिसत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीचंही नकोसं झालं असेल, तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशकांनी ६ ते ८ बैठकांत रुग्णांना हळूहळू कामांकडे परत आणलं. त्याचा उपयोग होतो हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. बांबोळीच्या सरकारी मनोविकार संस्थेत जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. तो विनामूल्य आहे. जगणंच नको असं मनात आलं तर वही बाजूला ठेवा आणि तेव्हाच फोन करा.