खुराडं, गोठा आणि दारातलं कुत्रं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी पत्रांत कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचीच रड जास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो, शेळीवाल्यांनी आणि कुत्रंवाल्यांनी जरा दम धरा.

प्रश्न : आठवडी बाजारातून गावरान तलंगा आणल्या आणि घरच्या कोंबड्यांत सोडल्या. थोड्याच दिवसांत हिरवी पातळ हगवण, मग माना वाकड्या, रोज दोन-तीन मरतायत. हळद झाली, कांद्याचा रस झाला, मेडिकलमधून कॅप्सूल आणून पाण्यात घातल्या. आता कोणती लस देऊ? (एक ताई, औसा)

ताई, ज्या आजारी पडल्यात त्यांना आता लस देऊन काही होणार नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा आजार, त्याच्यावर औषध नाही, कॅप्सूलने फार तर मागाहून येणारं दुसरं इन्फेक्शन थांबतं आणि तेवढ्यात शंभर-दोनशे रुपये जातात. आत्ता करायचं काम वेगळंय. ज्या अजून धडधाकट दिसतायत त्या लांब दुसऱ्या जागी बांधा आणि त्यांचं काय करायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, मेलेल्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, ओढ्यात फेकू नका आणि कुत्र्यापुढे तर अजिबातच टाकू नका कारण ते तुकडा तोंडात धरून गावभर फिरतं आणि चार आळ्यांत मानमोडी पोचवतं. आणि एक कडू बोलतो, राग मानू नका : लोक काय करतात, रोग दिसला की उरलेल्या घाईघाईने बाजारात विकून टाकतात, तुमच्या तलंगा अशाच कुणीतरी विकलेल्या असणार.

पुढच्या खेपेला असं करा. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं झालं की मानमोडीची लासोटा लस, एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, आणि 8 आठवडे झाले की आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस, ती पंखाखाली टोचतात. आर-टू-बी लहान पिल्लांना नको आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीलाही नको, अंडी कमी होतात. खरी अडचण लसीची नाही, बाटलीची आहे, बाटली येते शंभर पक्ष्यांची किंवा त्याहून मोठी आणि तुमच्याकडे असतात पंचवीस, म्हणून बाई विचार करते की एवढ्यासाठी कशाला, आणि राहून जातं. आळीतल्या चार घरांनी मिळून एकच दिवस ठरवा, थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणा, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्या की द्या आणि एकदा कालवलेली लस दोन तासांत संपवा, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उद्या वापरायची नाही. बाजारातून आणलेला पक्षी कितीही गोंडस असो, दोन-तीन आठवडे वेगळा, त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं. खुराडं आता रिकामं करा, जुनं तूस जाळा, चुना मारा, दीड-दोन महिने तसंच राहू द्या.

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली 18 अंडी ठेवली, पाचच पिल्लं निघाली. (उदगीर)

अठरा म्हणजे अतीच झालं, गावरान कोंबडीच्या पोटाखाली 10-12 मावतात, बाकीची आळीपाळीने गार पडतात. त्यात उन्हाळ्यात गोळा केलेली अंडी, गरम खोलीत ठेवली की आत जीव धरतो आणि अर्ध्यावर मरतो. आठवड्याच्या आतली घ्या, माठाजवळ गारव्याला ठेवा, टोक खाली करून. सातव्या दिवशी रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघा, आत लाल शिरा दिसल्या तर ठीक, नुसतं पारदर्शक दिसलं तर काढून टाका.

प्रश्न : लग्नातला उरलेला भात आणि बुंदी शेळीला घातली, पोट फुगलंय, रवंथ बंद आहे, तेल पाजू का?

पत्र आमच्याकडे पोचेपर्यंत त्या शेळीचं जे व्हायचं ते झालं असणार, तरी लिहितो, पुढचं लग्न येईलच. भात-बुंदीने झालं ते नुसती पोटफुगी नाही, पोटात आम्ल वाढतं. तिथे तेलापेक्षा खायचा सोडा उपयोगी, मोठ्या शेळीला 15-20 ग्रॅम पाण्यात विरघळवून, मान फार वर न करता हळूहळू, नाहीतर फुप्फुसात जातं आणि शेळी त्यानेच मरते. लगेच 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला फोन लावा. कोवळ्या घासाने डावी कूस ढोलकीसारखी वाजत असेल तर मात्र गोडेतेलाचा उपयोग होतो. आणि पावसाळ्याआधी आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस आणि जंताचं औषध झालं का, हे कुणीच लिहीत नाही.

प्रश्न : करवान जातीचं कुत्र्याचं पिल्लू आणलंय, अडीच महिन्याचं. घरात कोंबड्या आहेत. मोठं झालं की सशाच्या मागे सोडायचा विचार आहे. खायला काय द्यावं, फार बारीक दिसतं. आजोबा म्हणतात कोंबडी मारली तर मेलेली कोंबडी गळ्यात बांधायची. (चाकूर)

दादा, सशाचं आधी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्याच अशी आहे की जनावराच्या मागे कुत्रा सोडणं हीसुद्धा शिकारच, ससा मेला नाही तरी. केस झाली तर तुरुंगवासाची तरतूद आहे. रानडुक्कर पिकात येतं म्हणून कुत्रं सोडू असाही विचार नको, वनखात्याकडून पंचनामा करून भरपाई मागा. मग हे कुत्रं ठेवायचं कशाला? राखणीला, पळायला, आणि ऐटीला. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, 2005 मध्ये तिचं पोस्टाचं तिकीट निघालं, आपल्याकडे लातूर भागात कानाशेपटीला लांब केस असतील तर पश्मी म्हणतात.

बारीक दिसणं हा त्याचा आजार नाही, जातच तशी. दोन-तीन बरगड्या दिसल्या तर दिसू द्या, सगळ्या दिसल्या आणि पाठीचा कणा टोचायला लागला तर जंत बघा. ज्वारीची भाकरी, ताक, अंडी चालेल, पण नुसत्या भाकरीवर वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, मांस किंवा अंडी हवीतच. खाऊन लगेच पळवायचं नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या-हगवण लावणारा रोग, त्याची लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू होते, तुमचं राहिलं असेल तर उद्याच जा, रेबीजची तीन महिन्यांनी, मग दरवर्षी. नसबंदीला नेलं तर डॉक्टरांना जात सांगा, अंगावर चरबी नसल्याने काही भुलीची इंजेक्शनं या कुत्र्यांत उतरायला फार वेळ लागतो.

आजोबांना माझा नमस्कार सांगा, पण गळ्यात मेलेली कोंबडी बांधून कुत्रं काही शिकत नाही, त्याला फक्त वास मारतो आणि शेजाऱ्यांना करमणूक होते. आत्ता वय आहे तोवर रोज सकाळी दाणे टाकताना दोरीला धरून शेजारी बसवा, कोंबडीकडे बघून परत तुमच्याकडे बघितलं की तुकडा द्या, झेप घेतली की दोरी आखडून उठून चालू लागा. तरीही डोळ्यासमोर काही पळालं की याचा पाय थांबत नाही, म्हणून तो मोकळा असताना कोंबड्या जाळीत, कोंबड्या मोकळ्या असताना तो दोरीला, हे आयुष्यभर. एकदा रक्त लागलेल्या मोठ्या कुत्र्याबाबत कुणी गॅरंटी दिली तर त्याच्याकडे कोंबड्या आहेत का ते आधी विचारा.

प्रश्न : पिल्लांच्या विष्ठेत रक्त, चौथा आठवडा. (निलंगा)

रक्ती हगवण. ओलं तूस आजच बदला, पाण्यात अँप्रोलियम हे औषध, प्रमाण पाकिटावर आहे. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, सांडून तूस भिजणार नाही असं.