ब्रेक पॅड बदलताना डिस्कही बदलावी का, आणि हे काम घरी जमेल का?

मुंबईच्या पावसात उघड्यावर उभ्या गाडीच्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी, जिच्यावर पॅड दाबले जाऊन गाडी थांबते) रात्रीतून चढणारा तांबूस गंज दोन-चार ब्रेक मारताच निघून जातो. तेवढ्यावरून डिस्क बदलू नये. मात्र डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती झिजली असेल किंवा तिला तडा गेला असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदमच बदलावेत. सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावून व गाडी जॅक स्टँडवर (उचललेली गाडी पेलून धरणारा पक्का आधार) टेकवून हे काम जमते. केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, ही कळकळीची विनंती. कॅलिपर (पॅड धरून ते डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेकच्या नळीला लोंबकळू न देता तारेने बांधावा. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे, कारण नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.