लेकरं भाकर खात नाहीत, काय करू?

प्रश्न: ताई, आम्ही दर्यापूरकडं खेड्यात रायतो, लेकरं ४ अन् ६ वर्षांचे. दिवसभर पाकिटातले चिप्स, बिस्किटं पाहिजेत, ज्वारीची भाकर पाहिली की तोंड वाकडं. घरचं खाणं कसं लावू?

उत्तर: सगळं एकदम बंद नको करू बाप्पा, घरात रडारड होते. आधी भाकरच पाहा, जुन्या पिठाची चिरते अन् कडक होते, म्हणून थोडंथोडंच दळून आण, पीठ गरम पाण्यात भिजव, चांगलं मळ, अन् लेकरांच्या हाताएवढ्या भाकरी थाप. वरून तूप, जवसाची चटणी. जवस तडतडेस्तोवर भाजायचं, लसूण, मीठ घालून कुटायचं, तिखट नावालाच. मधल्या भुकेला फुटाणे, गूळ-शेंगदाणे. अन् संध्याकाळी पाकीट घेऊन येणाऱ्या बाबालाही जरा सांग, खरी अडचण बहुतेक तिथंच असते!