नागपुरात वाचक-मंडळ सुरू करतोय, पुस्तकं कशी निवडायची?

तुमचा प्रश्न असा की धरमपेठेत आठ-दहा जण मिळून महिन्याला एक पुस्तक वाचायचं ठरवताय, सगळे नोकरदार, त्यात काहींची मराठी वाचायची सवय सुटलेली; तर पुस्तक निवडायचं कसं, आणि अलीकडे वाचलेल्यांपैकी आम्ही काय सुचवू. आमचं मंडळ काही वर्षांपासून नागपुरातच चालू आहे, त्यावरून सांगते.

सगळ्यांना आवडेल असं पुस्तक शोधू नका. ज्यावर दीड तास बोलता येईल असं शोधा. या दोन गोष्टी खूपदा वेगळ्या निघतात. खूप गाजलेलं, सगळ्यांच्या मनात आधीच आदराचं स्थान असलेलं पुस्तक घेतलं की प्रत्येक जण 'फारच सुंदर' म्हणतो आणि पंधरा मिनिटांत गप्पा मुलांच्या ॲडमिशनवर जातात. याउलट ज्या पुस्तकात एखादा माणूस असा काही निर्णय घेतो की अर्ध्यांना तो पटतो आणि अर्ध्यांना पटत नाही, तिथे गप्प बसणारेही तोंड उघडतात. पुस्तक निवडताना मी हेच पाहते: यात भांडायला जागा आहे का?

अलीकडे वाचलेल्यांत या कसोटीला सगळ्यांत जास्त उतरलेली कादंबरी म्हणजे कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणामुळे गाव उठलं, माणसं दुसरीकडे वसली, आणि मागे रानात राहिलेली म्हैस आणायला एक माणूस परत जातो. एवढीच गोष्ट. भाषा कोल्हापूरकडची, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला पहिली वीस-पंचवीस पानं अडखळायला होतं. पण आमच्यात एक काका आहेत, त्यांचं आजोळ गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. एरवी ते फक्त ऐकायला येतात. त्या दिवशी त्यांनी नव्या वसाहतीत गुरं कशी बुजायची, सुटली की जुन्या गावाच्या दिशेनं कशी चालू लागायची, हे सांगायला सुरुवात केली आणि मग कुणी घड्याळ पाहिलं नाही. माणसाला त्या जनावरावर हक्क सांगता येतो का, यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. दूरच्या मुलखातलं पुस्तक आपल्या भागातल्या दुखण्याला असं जाऊन भिडतं, ते निवडताना नेमकं हेरता यायला हवं.

दुसरं नाव आग्रहानं सांगते, कारण ते आपल्या शहरातलं आहे आणि आपल्याच शहरात कमी वाचलं जातं: कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट', 1981 सालचं. सगळं एका महिन्यात झेपणार नसेल तर त्यातला त्यांच्या संस्कृत शिक्षणावरचा लेख तेवढा घ्या. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम. ए. होते, कौतुक करणारे खूप भेटतात, नोकरी मात्र मिळत नाही. पुढे आंतरजातीय लग्न होतं, आडनाव बदलतं आणि नोकरी मिळते. मग ती नेमकी कुणाला मिळाली, सोमकुंवरांच्या कुमुदला की पावड्यांच्या? लेखिका हा हिशोब स्वतःच मांडते. कुठेही आवाज चढवत नाही, म्हणून तो जास्त लागतो. या लेखावर बोलताना आमच्याकडे दोघांचं चांगलंच वाजलं होतं, आणि दोघंही पुढच्या महिन्यात आले. मंडळ टिकणार हे मला त्या दिवशी कळलं.

वाचनाची सवय सुटलेले लोक असतील तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक नाटक घ्याच. महेश एलकुंचवार आपल्याच गावचे. त्यांचं 'वाडा चिरेबंदी' 1985 साली रंगभूमीवर आलं, पण ते आजही मोठ्यानं वाचायला घ्या. भूमिका वाटून घ्यायच्या, अभिनय करायचा नाही, साधं वाचायचं. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर, आतून परत परत वेळ विचारणारी म्हातारी दादी. डोळ्यांनी वाचताना ती दादी पटकन ओलांडली जाते. कुणी तरी तोंडानं तेच तेच विचारत राहिलं की खोलीतली हवा जड होते. आणि घरी वाचून यायला वेळ मिळाला नाही ही सबबही उरत नाही.

उद्धव शेळके यांच्या 'धग'लाही हाच उपाय. 1960ची कादंबरी, वऱ्हाडी बोली. छापील वऱ्हाडी पाहून नागपूरची शहरी मंडळी बिचकतात. अमरावतीकडच्या कुणाला तरी पहिलं प्रकरण वाचायला सांगा. कान लागला की मग कादंबरीची नायिका कौतिक कुणाला सोडत नाही.

कविता घ्यायची तर अख्खा संग्रह नको. ग्रेस घेतले तर तीनच कविता, आणि 'याचा अर्थ काय' हा प्रश्न त्या दिवसापुरता बंद. नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी वर्षभर थांबून घ्या. ताकदीची आहे, अकादमीचा पुरस्कार त्यांनी नाकारला म्हणून चर्चेतही होती, पण धागे खूप आहेत. नव्या मंडळाला दमवेल.

आता निवडीची पद्धत. व्हॉट्सॲपवर मतदान घेऊ नका. मतदानात नेहमी सगळ्यांना ऐकून माहीत असलेलं नाव जिंकतं, आणि ते सुचवणाऱ्यानंही बरेचदा वाचलेलं नसतं. आमच्याकडे पाळी असते. ज्याची पाळी त्यानं दोन पुस्तकं आणायची, दोन्ही स्वतः पूर्ण वाचलेली. प्रत्येकाची पहिली दोन पानं मोठ्यानं वाचायची आणि मग तिथेच ठरवायचं. परीक्षणं, पुरस्कार, विक्रीचे आकडे यापेक्षा ही दोन पानं जास्त सांगतात. ज्यानं सुचवलं त्यालाच चर्चा चालवायला देऊ नये, हे मात्र पाळा. तो पुस्तकाचा वकील होऊन बसतो आणि मग बाकीच्यांना मोकळेपणी नावडलं म्हणता येत नाही.

पानं दोनशेच्या आसपास ठेवा. प्रती मिळतात का ते आधी पाहा, नाही तर चार जणांकडे पुस्तक आणि सहा जणांकडे उत्सुकता असं होतं. झाशी राणी चौकाजवळ विदर्भ साहित्य संघ आहे, 1923 सालची संस्था. तिथल्या ग्रंथालयात जुनी वैदर्भीय पुस्तकं विचारा. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांतही कधी कधी हाताला चांगलं लागतं. एप्रिल-मेमध्ये दुपारची बैठक ठेवूच नका, पंचेचाळीसच्या उन्हात कुणी येत नाही. रात्री जेवणानंतर गच्चीवर जमा.

आणि दसऱ्याच्या महिन्याचं पुस्तक आधी ठरवू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. लांबून प्रवास करून आलेली माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. सगळे मिळून जा, हिंडा, कोण काय विकत घेतंय ते पाहा, आणि त्या महिन्याचं पुस्तक तिथेच उभं राहून निवडा.