कातळशिल्प दालनात आणताना

प्रश्न : कला विधीतून कशी उगवली आणि पुढे कुठे जाईल, या विषयावर आमचं मंडळ शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवतंय. सड्यावरच्या (उघड्या जांभ्या कातळाच्या पठारावरच्या) कातळशिल्पाचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यावा का? की रेषांत खडू भरून फोटो काढावा? (राजापूर)

उत्तर : कृपा करून दोन्ही करू नका. सड्याचा तांबडा दगड म्हणजे जांभा सच्छिद्र असतो. ओलं प्लास्टर छिद्रांत शिरून धरतं आणि निघताना कोरीव कड सोबत घेऊन येतं. खडूची भुकटीही पूर्ण निघत नाही. बारसू, उक्षी, कशेळी ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. तिथे तर हात लावायचाच नाही.

जमीनमालकाची परवानगी घ्या आणि फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करा. गवत सुकल्यावर मऊ केरसुणीने पालापाचोळा बाजूला सारा. फोटो सूर्योदयापूर्वीच्या किंवा ढगाळ उजेडात घ्या. ऊन असलं की पहिल्या आणि शेवटच्या फोटोतली सावली वेगळी पडते आणि सॉफ्टवेअरला सांधे जुळवता येत नाहीत. मोबाइलचं एक्स्पोजर (फोटोतला उजेडपणा) लॉक करा. समांतर पट्ट्यांत चालत प्रत्येक फोटो आधीच्यावर 70 ते 80 टक्के आणि शेजारच्या पट्टीवर 60 टक्के चढू द्या. मोजमापासाठी एक मीटरच्या दोन मोजपट्ट्या काटकोनात ठेवा, पण खोदरेषेवर नको. प्रतिकृती तयार झाली की संगणकावर उजेड तिरपा करून रेषा उठावदार दाखवता येतात.

कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. एकास दहा प्रमाणात तो 1.8 बाय 1.3 मीटर होतो. छापील कापड भिंतीवर टांगू नका, जमिनीवर अंथरा. ही चित्रं कडेला उभं राहून खाली बघायची आहेत. आणि पाटीवर ‘पूजेसाठी कोरलेली’ असं ठामपणे लिहू नका. कोणी, कशासाठी कोरली हे अजून निश्चित नाही. कोकणात आज गेंडा नाही, कातळावर मात्र तो आहे. एवढी नोंदही बघणाऱ्याला विचारात पाडेल.

प्रश्न : शाडूचं शिल्प आठ दिवस हळूहळू विरघळत राहावं, अशी मांडणी करतोय. चाचणीत वाळलेलं शिल्प टाकीत टाकताच तासाभरात ढासळलं, ओलसर ठेवलेलं मात्र जसंच्या तसं राहिलं. असं का? (सावंतवाडी)

उत्तर : कोरड्या मातीतली छिद्रं पाणी झपाट्याने ओढतात, आत कोंडलेली हवा बाहेर रेटते आणि कण सुटतात. ओल्या मातीत छिद्रं आधीच भरलेली असल्याने पाण्याला शिरायला वाट नसते. तुम्हाला मधला वेग हवा, तर टाकी सोडा आणि वरून थेंब पाडा. शंकराच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र चालेल, पण त्याच्या वातीतून पडणाऱ्या थेंबांचा वेग बदलत राहतो. सलाइनची साधी नळी बरी : 20 थेंबांना एक मिलिलिटर. मिनिटाला 10 थेंब सोडले तर आठ तासांत 240 मिलिलिटर पाणी पडतं.

शिल्प आदल्या रात्री ओल्या कापडात गुंडाळा. रोज संध्याकाळी प्लास्टिकने झाका, नाहीतर रात्रीत वरचा थर वाळून तडकतो आणि सकाळच्या पहिल्या थेंबांनी मोठा तुकडाच निखळतो. मातीत काथ्या घालू नका. माती जाते आणि केसाळ सांगाडा उरतो. तैलरंगही नको, पाणी अडतं. खाली परात ठेवून गाळ जमवा, वाळवून पुन्हा मळता येतो. आधी मुठीएवढ्या गोळ्यावर त्याच मातीची चाचणी घ्या, कारण प्रत्येक खेपेची शाडू सारखी नसते.

प्रश्न : शिमग्याच्या पालखीतली देवीची रूपं (मुखवटे) आठवडाभर मांडायला मागावीत का? (गुहागर)

उत्तर : नको. रूपं कधी लागायची आणि कधी उतरायची, हे मानकरी, गुरव आणि गावकरी ठरवतात. दालनाच्या वेळापत्रकात ती बसत नाहीत. त्याऐवजी पालखी सजवणाऱ्यांना बोलवा. नव्या लाकडी सांगाड्यावर साड्या कशा चुणतात आणि बांधतात, हे त्यांनी सगळ्यांसमोर दाखवावं. तुमच्या प्रदर्शनाला वस्तूपेक्षा ही हातोटी जास्त शोभेल. सोबत रूपांचा फोटो लावायचा असेल, तर छापण्याआधी मानकऱ्यांना दाखवा.